चावी ढिली झाली

करीम मिस्त्री गेला, हा निरोप घेऊन कामरगावहून जो माणूस आला, त्याले मी दारातच उभं केलं. म्हतलं, "गेला म्हणजे कुठी गेला?"

थो म्हणे, "बाई, गेला म्हणजे गेला."

"असं नाही. पुरं सांग."

थो माणूस माझ्या तोंडाकडे पाहून राह्यला. त्याले वाटलं असंल, हे बाई बहिरी हाये नाही त येडी. मंग त्यानं पुरं सांगितलं. मिस्त्री वारला. कामरगावले, पोरीच्या घरी, सकायच्या नमाजाच्या आंदी, झोपेत. मी त्याले बसवलं, पाणी देल्लं, अन् थो पाणी पिऊन राह्यला होता तवा अजून एकदा विचारलं, "झोपेतच ना?"

"हो माय, झोपेतच."

एवढं खोदून काहून विचारलं, हे सांगाले बसली त लंबं होते. पण नात कागद घेऊन बसली हाये. म्हणते, आजी तू सांग, मी लिहितो. मले लिहिता येत नाही. सही येते फक्त. त सांगते.

थो मोठा दुष्काय पडला होता. जिल्हा तवा आमचा अकोला होता, वाशीम जिल्हा लय मागून झाला. आमच्या घरचे, पोरीयचे बाप, त्याच्या आदल्या वर्सी भरल्या गाडीखाली सापडले. कमरेखाली काही राह्यलं नाही. खाटेवर. दोन पोरी लहान. मी सडकेच्या कामावर खडी फोडाले जायची. हाताले फोड येत, थे फुटत, त्याच्यावर पुन्हा फोड येत. त्याचं काही नाही, साऱ्याच बायायचं तसंच होतं. मंग कोणी तरी सांगितलं, गावाबाहेरच्या चर्चमधी झाडाले बाई पायजे. मी गेली. झाडू धरला थो बारा-तेरा वर्स धरला.

थे चर्च काया दगडाचं. इंग्रजाच्या वक्ताचं. जुन्या एका दुष्कायात मिशनवाल्यायनं अनाथ पोरं सांभायली, त्याच पोरायच्या हातानं दगड वाहून बांधलं, असं सांगत. आत तीन कमानी. दोन अंगाले दोन लहान अन् मधात एक मोठी. मोठी एवढी उंच, की तिच्याखाली झाडताना मी कधी वर पायलं त डोक्यावरचा पदर खाली पडे. आमचं घर बुद्धाचं, चर्च ख्रिस्ती लोकायचं, अन् चर्चचे दगड करीम मिस्त्रीचे. थो असंच म्हणे, "मेरे पत्थर." त्याच्या बापानं थे मोठी कमान बांधली होती.

मिस्त्री ठेंगणा. पाठीत वाकलेला. पापण्यायवर कायम चुना. कानावर एक बिडी ठेवलेली राहे, पण पेटवताना मी त्याले कधी पायलं नाही. मी विचारलं, "चाचा, हे ओढत काहून नाही?" म्हणे, "डॉक्टरनं ओढाले मना केलं. कानावर ठेवाले मना नाही केलं."

त्याले एक खोड होती. जे दिसन त्याच्यावर बोटाच्या हाडानं ठकठक करायचं अन् कान लावायचा. दगडावर त करेच, पण मडक्यावर करे, पाटावर करे, भाकरीवरही करे. भाकर वाजवून म्हणे, "कच्ची हाये." अन् असे कच्ची. कोणाच्या लग्नात गेला त मांडवाची बल्ली वाजवून पाहे अन् मंगच खाली बसे. एकदा माझ्या घरी आला, आमच्या घरच्यायले पाहाले. जाताना मागची भित वाजवली. म्हणे, "बेटी, खाट इकडून तिकडे घे. हे भित उद्या पडते." उद्या पडली नाही. परवा पडली. मी त्याले सांगितलं, चाचा एक दिवस चुकला. त त्याले राग आला. म्हणे, "तू लिपली असशीन मधात." खरं म्हणजे मी लिपलीच होती.

दुष्कायात कमिटीनं चर्चची डागडुजी काढली. तेवढंच गावातल्या दहा-बारा लोकायले काम. चुना घोटाची घाणी होती चर्चच्या मागं. गोल चर अन् त्याच्यात फिरणारं दगडाचं चाक. बैलानं ओढाचं थे चाक. पण बैल कुठून आणता? चाराच नव्हता. जुवाले आमी दोघी, मी अन् संगं कामाले असलेली सुभद्रा. दिवसभर गोल गोल. संध्याकाई घरी गेलं तरी जमीन फिरे. दुसऱ्या दिवशी आली त पायते, जुवाच्या लाकडाले खांद्याच्या जागी फडकं गुंडायलेलं. मिस्त्रीचा डोक्याचा रुमाल होता थो. थो सोता उघड्या डोक्यानं उन्हात काम करून राह्यला होता.

थ्या चुन्यात बेलफयाचं पाणी टाकत अन् गुयाचं पाणी टाकत. घट्ट धरे म्हणून. आता तुमीच पाहा, घरात पोरी ज्वारीच्या कण्या पाण्यात शिजवून पिऊन राह्यल्या, अन् इकडे दगडायले गूय. मले वास सहन होत नव्हता. मिस्त्री रोज गुयाची भेली फोडे, एक तुकडा जिभेले लावे, तोंड वाकडं करे. "हा तुकडा कामाचा नाही. फेकून दे, बेटी." मी थो घेऊन फेकाले जायची. पदरात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तुकडा कामाचा नाही. एवढा खराब गूय एकाच दुकानातून रोज कसा येते, हे कोणी विचारलं नाही. एक दिवस मीच म्हतलं, "चाचा, चुना फिका पडन." थो म्हणे, "दगडाले चव नाही समजत."

एक गोष्ट मातर होती. मिस्त्री अर्धं बोले. उरलेलं अर्धं समोरच्यानं समजून घ्याचं. "थे आण" म्हणे, म्हणजे थापी, का ओयंबा, का पाणी, हे त्याच्या हाताकडे पाहून समजा लागे. दोन वर्सात मले सवय झाली. थो 'अं' म्हणे अन् मी बादली उचलो. सुभद्रा म्हणे, "तुमची दोघायची वेगयी शाया हाये वं."

त दुष्काय सरला, काम सरलं. माझा झाडू राह्यला. मिस्त्री मधात मधात येऊन आपल्या दगडायले वाजवून जाये.

एका वर्सी मिरगाच्या आंदी आला. इंझोरीले एका विहिरीचं बांधकाम भेटलं होतं, गाडी बाहेर उभी. मोठ्या कमानीखाली आला अन् जमिनीवर उताणा पडला. मी झाडून राह्यली होती. म्हतलं, "चाचा, चक्कर आली का?" थो वर कमानीकडेच पाहून राह्यला. बऱ्याच टायमानं उठला. बाहेरून गाडीवाला हाका मारून राह्यला होता. मिस्त्री जाता जाता म्हणे, "बेटी, सालोमन मास्तरले सांगजो. चावी ढिली झाली. पाण्याच्या आंदी पाहा म्हणा. नाही त सारं उघडं पडन."

"सांगतो."

"आजच सांगजो."

कमान असते ना, तिच्या मधोमध वर एक दगड असते. दोन्ही अंगचे दगड त्याच्यावर रेटून उभे असतात. मिस्त्री लोक त्याले चावी म्हणतात. मले हे दोन वर्स घाणी ओढून माहीत झालं होतं. अन् जे मले माहीत झालं थे साऱ्या जगाले माहीत हाये, असं मले वाटलं. माणसाले असंच वाटते.

सालोमन मास्तर शायेतून रिटायर झालेले. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. कडक माणूस, धोतराले डाग नाही. मी गेली त थे न्हाणीत होते, तट्ट्याच्या मागं आंगोय करून राह्यले होते.

"कोण हाये?"

"मी वच्छला, मास्तर."

"काय काम?"

"करीमचाचाचा निरोप हाये. चावी ढिली झाली म्हणे. पाण्याच्या आंदी पाहा म्हणे, नाही त सारं उघडं पडन."

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मंग आवाज आला, "त्याले म्हणा फिकीर करू नको. होऊन जाईन."

मी त्याच दिवशी इंझोरीच्या गाडीवाल्याजवय निरोप धाडला. होऊन जाईन म्हणे.

आठ दिवसानं मास्तर अकोल्याहून आले. चर्चच्या दाराले नवं कुलूप लावलं. पितयेचं, माझ्या तयहाताएवढं. मले चावी देल्ली. म्हणे, "घे वच्छला. आता कोणी येऊ दे." मले वाटलं, कुठी चोरीबिरी झाली असंल. थ्या दिवसापासून रोज सकायी मी थे कुलूप उघडो, रोज संध्याकाई लावो. तीन महिने. थे चावी माझ्या कमरेले खोचलेली राहे. अन् माझ्या डोक्यात काही आलं नाही.

थ्या वर्सी पाणी चांगलं झालं. लोक खुश. चर्चच्या छतातून पाणी थ्या कमानीत उतरलं. पोया झाल्यावर एक दिवस मी दार उघडलं त बाकड्यायवर चुन्याचे पोपडे. वर पायलं. मधातला दगड चार बोटं खाली आला होता, अन् भितीत वरपर्यंत चीर. हात घालता येईन एवढी.

मिस्त्री इंझोरीहून आला. कमानीखाली उभा राह्यला. मले विचारलं, "तू सांगितलं ना, बेटी?"

"सांगितलं."

"मास्तरलेच?"

"मास्तरलेच. होऊन जाईन म्हणे."

त्यानं मान हलवली. त्याले वाटलं, सांगूनही कमिटीनं आयकलं नाही. मोठ्या लोकायले कोण विचारते, म्हणून थो मास्तरकडे गेला नाही. अन् मास्तरले वाटलं, मिस्त्रीनं दुष्कायात जे काम केलं थेच कच्चं निघालं. म्हणून मास्तर मिस्त्रीकडे गेले नाही. दोघंही गावात, दोघं एकमेकायले रस्त्यात पाहून बाजूनं जात.

लोकायची तोंडं मोकयी. चक्कीवर एक बाई मले आयकू जाईन असं म्हणे, "चुन्यातला गूय घरी नेला त काय होईन?" मी पीठ घेतलं अन् आली. मिस्त्रीचं काम बंद झालं. त्याच्याच मशिदीचा हौद बांधायचा होता, थो कारंजा गावच्या मिस्त्रीले देल्ला. मिस्त्री घराबाहेर खाटेवर बसून राहे. मी जायची कधी. त्याच्यासमोर मडकं ठेवलं तरी थो वाजवून पाहत नव्हता. थे मले लय लागलं. बिडी मातर कानावर होती.

कमिटीनं ठरवलं, कमान पाडाची, मागची भित पाडाची, टीनं टाकाची. पण काही म्हातारे म्हणत, आमच्या बापायनं दगड वाहिले, एखाद्या जाणत्याले विचारा. तवा अमरावतीच्या कॉलेजातले एक प्रोफेसर बोलावले. थे जुन्या चर्चच्या बांधणीवर भाषण देत गावोगाव. रविवारी दुपारी, प्रार्थना झाल्यावर, साऱ्या गावाले खुलं. मास्तरनं दवंडी देल्ली. अन् भाषण झाल्यावर तथीच कमिटीचा निकाल.

मी सतरंज्या टाकल्या. लोक लय आले. ख्रिस्ती समोर, आमचे लोक अन् मुसलमान मागं. मिस्त्री दाराजवय, चपलायच्या ढिगापाशी बसला. डोये लाल. चुन्यानं त्याचे डोये तवाच जात आले होते, आमाले माहीत नव्हतं.

प्रोफेसर पतला माणूस, चश्मा, घामानं ओला. संगं कागदाच्या गुंडाळ्या. एकीवर मोठी कमान काढलेली. त्यायनं मले खिळा अन् हातोडी देल्ली. "बाई, तेवढा भिंतीत ठोका." मी दाराकडे पायलं. मिस्त्रीनं डोये मिटून घेतले, जसा खिळा त्याच्याच आंगात जाणार हाये. मी म्हतलं, "साहेब, आमी धरून ठेवतो."

त मी एका अंगानं अन् सुभद्रा एका अंगानं, हात वर करून कागद धरून उभ्या. कागद आमच्या दोघीयच्या तोंडासमोर. म्हणून थे भाषण मी कागदाच्या मागून आयकलं. मले फक्त कोरी बाजू दिसे अन् उजेडात उलट्या रेघा. हात भरून आले. कागद हाले त प्रोफेसर म्हणत, "स्थिर ठेवा, बाई."

माणूस वाईट नव्हता. लय जीव लावून सांगत होता. रोमन कमान, टोकदार कमान, भार, प्रतिभार, स्तंभ, शीर्षशिला. पण लोकायले एक अक्षर समजून राह्यलं नव्हतं. समोर एक म्हातारा घोरला. मास्तरची बायको मार्थाबाई, जाडी, हासऱ्या तोंडाची, तिनं त्याले पंख्यानं टोचलं.

मंग प्रोफेसरनं वर हात केला. "ही जी शीर्षशिला आहे, ही खाली सरकलीय. हे एका दिवसात होत नाही. आधी ती सैल होते, जाणकाराला ते दिसतं. तेव्हाच सांगितलं असतं तर ही कमान वाचली असती. तुमच्या गवंड्याला दिसलं नाही का?"

मास्तर उठले. "नाही साहेब. आमाले कोणी सांगितलं नाही."

दाराजवयून आवाज आला. लहान आवाज. "सांगितलं होतं, मास्तर."

सारे मागं वयले. मिस्त्री उभा राह्यला होता. साऱ्या गावासमोर थो कधी बोलला नव्हता.

"काय सांगितलं होतं?" मास्तर म्हणे. "तुझा एकच निरोप आला, करीम. कुलपाचा. चावी ढिली झाली म्हणून. मी सोता अकोल्याले जाऊन नवं कुलूप आणलं! विचारा वच्छलाले."

माझ्या हातातला कागद सुटला. सुभद्राच्या हातात तेवढा लटकून राह्यला.

प्रोफेसरनं मिस्त्रीकडे पायलं. मंग वर पायलं. मंग हळूच विचारलं, "मिस्त्री, या मधल्या दगडाला तुम्ही काय म्हणता?"

"चावी, साहेब."

मंग कोणी तरी फिसकन हासलं. मंग सारंच चर्च हासलं. थो घोरणारा म्हातारा उठून विचारे, काय झालं, काय झालं. मार्थाबाई पोट धरून म्हणे, "अवो, दगड ढिला झाला अन् तुमी कुलूप आणलं!" मास्तरचं तोंड लाल.

मिस्त्री नाही हासला. मी नाही हासली.

मास्तर ओरडले, "मंग निरोप आणणारानं नीट सांगाचं होतं!"

मिस्त्री लगेच म्हणे, "मीच अर्धं बोललो, मास्तर. अन् कोणाजवय सांगितलं थे बी ध्यानात नाही. कोणी येणारंजाणारं असंल."

थो खोटं बोलत होता. माझं काम जाईन म्हणून. पोरी, खाटेवरचा माणूस, त्याले सारं माहीत होतं. मी काही म्हतलं नसतं तरी चाललं असतं, मास्तरनं माझं नाव आंदीच घेतलं होतं. पण मले राह्यवलं नाही. मी म्हतलं, "येणारंजाणारं कोण? मीच होती. मले माहीत होतं चावी म्हणजे काय. मास्तरले माहीत नसंल, हे मले समजलं नाही. मिस्त्रीच्या चुन्यात काही नव्हतं. एक शब्द मी कमी बोलली, म्हणून हे कमान खाली आली."

मास्तर खाली बसले.

प्रोफेसरनं चश्मा पुसला. मिस्त्रीले म्हणे, "इकडे या. माझं कोणाला समजत नाहीये. कमान उभी कशी राहते, तुम्ही सांगा."

"साहेब, मले बोलता नाही येत."

"मग दाखवा."

मिस्त्री समोर आला. इकडे तिकडे पायलं. मंग माझा हात धरून मले कमानीखाली उभं केलं. अन् मास्तरले म्हणे, "मास्तर, तुमी या."

"मी कायले?"

"या त."

आमाले समोरासमोर उभं केलं, मधात दोन हात अंतर. म्हणे, हात वर करा अन् एकमेकायवर पडा. मी हात वर केले. मास्तर उभेच. परकी बाई, त्यातून मी. साऱ्यायच्या समोर.

मागून मार्थाबाई ओरडली, "लावा हो हात. झिजत नाही तुमी!"

पुन्हा हासं. मास्तरनं हात लावले. आमी दोघं एकमेकायवर रेललो, तयहाताले तयहात. मास्तरचे हात नरम, खडूचे. माझे तुमाले माहीतच हायेत. मिस्त्री म्हणे, "पाय मागं घ्या. अजून." आता आमी खरंच पडून राह्यलो होतो. थे नसते त मी तोंडावर पडली असती, मी नसती त थे.

मिस्त्री दाराकडे गेला. थे पितयेचं कुलूप काढून आणलं. आमच्या चारी हाताच्या मधात, वर, खुपसलं. "दाबा." आमी दाबलं. कुलूप अधांतरी. खाली काही नाही, वरून काही नाही.

थो लोकायकडे वयला अन् म्हणे, "हे चावी."

बस, एवढंच. मंग थोडं थांबून म्हणे, "मास्तर, आता हात जरासक ढिला करा."

मास्तरनं ढिला केला. कुलूप फरशीवर पडलं. असा आवाज झाला की लहान पोरं रडाले लागली. मी मास्तरच्या खांद्यावर आपटली.

प्रोफेसर खुर्चीवर बसले अन् म्हणे, "माझं भाषण झालं."

थ्या फरशीचा टवका अजून हाये. मी पुढं कितीक वर्स त्याच्यावरून झाडू फिरवला.

कमिटीनं कमान पाडली नाही. मास्तरच उठून म्हणे, "करीमले विचारा, बसवता येईन का." मिस्त्री म्हणे, "लकडी द्या अन् महिना द्या." त्याचे डोये साथ देत नव्हते, हे तवा समजलं. कमानीखाली लाकडाची कमान उभी केली दगडायले टेका द्याले, मधातले पाच दगड उतरवले, जुना चुना खरवडला. मिस्त्री प्रत्येक दगडावर हात फिरवे, जसा लेकराच्या तोंडावर. वाजवे. कान लावे. पुन्हा वाजवाले लागला होता. मी चुना देल्ला. आता घाणीले बैल होता. गूय आला त त्यानं चाखला, म्हणे, "चांगला हाये, पुरा टाक." माझ्या घरी तवा खाले होतं, हे त्याले माहीत होतं.

चावी बसवली. मंग महिनाभर थांबलो. चुना आपल्या सवडीनं वायते. मास्तर रोज येऊन वर पाहत, "झालं का?" मिस्त्री म्हणे, "तुमाले अकोल्याले जायाचं हाये का?"

मिस्त्री लोकायची एक रीत हाये. खालचं लाकूड काढतात तवा ज्यानं कमान बांधली थो खाली उभा राहते. पडली त पयले त्याच्यावर. थ्या दिवशी साऱ्यायले बाहेर काढलं. मिस्त्री कमानीखाली जाऊन उभा. सुतार पाचरी ठोकून काढाले लागले. मी बाहेर नाही गेली. त्याच्या बाजूले जाऊन उभी राह्यली.

"बाहेर हो, बेटी."

"मी नाही होत."

"पोरी हायेत तुले."

"हो, हायेत."

थो अजून काही म्हणाले गेला, अन् लाकूड उतरलं. वर कुरकुर झाली. एकदाच. झोपेत माणूस कूस बदलते तशी. माझ्या डोक्यावर थोडा चुना पडला. मिस्त्रीनं मान तिरपी केली, बराच टायम आयकत राह्यला. मंग म्हणे, "बसली."

त्याच्यानंतर त्यानं दुसरं काम नाही केलं. डोये गेले. एक पोरगी कामरगावले देल्ली होती, थे न्याले आली. यस्टीच्या थांब्यावर मी गेली होती. त्याची पेटी मी वर चढवली. त्याले खिडकीजवय बसवलं.

मी खालून म्हतलं, "चाचा, थ्या दिवशी मी जर—"

त्यानं हात हलवला. "पुरं सांगत जाय, बेटी. अन् कमी बोलत जाय."

"दोन्ही कसं जमन?"

"मले कुठी जमलं?"

थो हासला. दात उरले नव्हते. कंडक्टरनं घंटी देल्ली, गाडी घरघरली. तवा मिस्त्रीनं खिडकीतून हात बाहेर काढला, गाडीच्या पत्र्यावर बोटाच्या हाडानं दोनदा ठकठक केलं अन् कान लावला. त्याले काही पटलं नाही. तोंड वाकडं केलं, मान हलवली, अन् गाडी निंगाली.